गाडी सावलीत, ऊन गच्चीवर

आमच्या हिला तिच्या थोरल्या बहिणीकडे जायचे होते आणि हिच्या इन्सुलिनला गारवा लागतो, या दोन बाबींमधून पुढील सर्व काम उद्भवले.

ताई डोंगरातल्या एका गावात एकटीच राहते. तिचे डोळे अधू होत चालले होते. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली फार दिवस टिकेल असेही नाही, असे तिथल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते. तेव्हापासून हिने एकच घोषा लावला. "मला ताईला बघायला जायचं नाहीये," ही म्हणाली, "मी तिला दिसायला हवीय. तिला दिसतंय तोवर." मला हे वाक्य तेव्हा जरा ढोबळ वाटले. 'तोवर' म्हणजे नेमके कधीपर्यंत, याचा त्यात काहीच खुलासा नव्हता.

बसच्या प्रवासात हिची पाठ धरते. म्हणून मी एक जुनी व्हॅन घेतली. आधीच्या मालकाने तिचा कॅम्पर करून घेतला होता; आत फळीचा पलंग होता, शेगडी होती, हात धुवायला एक लहानसे बेसिन होते. वीज तेवढी नव्हती. इन्सुलिनसाठी छोटा फ्रिज, वाचायला एक दिवा आणि फोन, एवढ्यांची सोय झाली की निघायचे, असे ठरले. हिने त्याच संध्याकाळी बॅग भरली. ही मूळची उतावळी आहे.

पॅनेलवाल्याचे दुकान आमच्याच रस्त्यावर आहे. त्याने व्हॅनच्या छपराकडे एकदा पाहिले आणि कान खाजवत सांगितले, "काका, एक पॅनेल टाका, खाली एक बॅटरी ठेवा आणि खुशाल जा."

"कशाच्या आधारावर म्हणता?" मी विचारले.

"फ्रिज एवढासा आहे. दुपारपर्यंत बॅटरी भरतेय."

"आणि ऊन नसलं तर?"

"दोन दिवस निघतात की बॅटरीवर."

"आणि तिसऱ्या दिवशी?"

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नसावा. मी त्याला बसायला सांगितले, त्याच्याच दुकानात, आणि अंदाज कसा काढतात ते समजावून दिले.

माझी उभी नोकरी अंदाजपत्रक विभागात गेली. तिथे मला मागे 'वाढीवसाहेब' म्हणत आणि समोर नुसते 'साहेब'. आमच्या विभागाची पद्धत साधी होती. खालच्याने लागेल त्याच्या दुप्पट मागायचे, वरच्याने ते निम्मे करायचे. दोघांचाही मान राहतो आणि काम बरोबर तेवढेच होते. ही पद्धत एकदाच फसली. एक नवे साहेब आले, त्यांना आमची रीत ठाऊक नव्हती, आणि त्यांनी मागितले तेवढे सगळे मंजूर केले. त्यामुळे एका शाळेला दोन जिने मिळाले. दुसरा जिना अजून आहे. तो वर जाऊन भिंतीला टेकतो.

तर घरी येऊन मी जेवणाच्या टेबलावर सर्वांची बैठक घेतली आणि प्रत्येकाला आपापली मागणी सांगायला सांगितली. मुलगा म्हणाला, "बाबा, पण आम्ही दोघं येतच नाही आहोत."

"न येणाऱ्यांचीही मागणी धरावी लागते," मी म्हणालो. "उद्या आलात म्हणजे?"

मुलगा माझ्या हाताखाली वाढलेला आहे. त्याने लॅपटॉप, त्याला जोडायचा दुसरा पडदा, गाणी ऐकायचे स्पीकर आणि अर्धा तास वॉशिंग मशीन असे एका दमात सांगून टाकले. सूनबाईला आमच्या घरात येऊन चारच वर्षे झाली आहेत, पण मुलगी हुशार. ती म्हणाली, "बाबा, मी दोन मिक्सर सांगते, म्हणजे एक मिळेल. आणि केस वाळवायचं यंत्र दोनदा."

"आणि तुझं काय?" मी हिला विचारले.

"एक फ्रिज. एक दिवा. फोन," ही म्हणाली. "आणि शनिवारी निघायचं."

आता एक तांत्रिक अडचण आली. कपात करण्याचे अधिकार मला नोकरीत असताना होते. निवृत्तीनंतर ते माझ्याकडे राहिले नाहीत. विनाअधिकार कपात करणे मला जमले नसते; आयुष्यात कधी केलेली नाही. म्हणून सर्वांच्या सर्व मागण्या, दुप्पट होत्या तशाच, जमेस धरल्या. हिच्या मागणीत दुप्पट काही नव्हतेच, तेव्हा ती मी स्वतः दुप्पट केली. फ्रिज दोन झाले. दुसरा राखीव. राखीव फ्रिज बंद ठेवून भागत नाही. पहिला बिघडल्यावर दुसरा गार व्हायला वेळ लागणार, म्हणून दोन्ही कायम चालू ठेवायचे.

शनिवार आला आणि गेला. हिने बॅग उघडली, स्वेटर काढला, घडी पुन्हा घातली आणि बॅग मिटली.

पॅनेलवाल्याने नवा आकडा ऐकला तेव्हा तो मला 'काका' म्हणायचा थांबला. "साहेब, एवढ्याला तर आठ बॅटऱ्या लागतील," तो म्हणाला.

"दोन दिवसांच्या हिशेबाने ना? ढग किती दिवस राहू शकतात, याची चौकशी केलीत?"

चौकशी मीच केली. आमच्या भागात लागोपाठ नऊ दिवस सूर्य दिसला नव्हता, असे एकदा घडलेले आहे. माझ्या लहानपणी घडलेले आहे, पण घडलेले आहे. त्यात एक तृतीयांश वाढ धरली की बारा. म्हणजे बारा दिवस ऊन नाही, दोन्ही फ्रिज चालू, दोन्ही मिक्सर चालू, कपडे धुतले जात आहेत आणि सूनबाई केस वाळवते आहे, ही आमच्या प्रवासाची प्रतिकूल परिस्थिती निश्चित झाली.

"अहो," ही म्हणाली, "बारा दिवस सूर्य नाही म्हणजे पाऊस असणार. पावसात आपण निघू कशाला? आणि पोचायला लागतात तीन दिवस."

मी हिला शांतपणे सांगितले की अंदाज हा प्रवासाचा काढत नाहीत, अडचणींचा काढतात. ही उठून आत गेली. थोड्या वेळाने आतून तिचा फोनवरचा आवाज येत होता. बाहेर येऊन म्हणाली, "ताईला आता पेपरातले मोठे मथळेच तेवढे वाचता येतात."

मी पॅनेलवाल्याला घाई करायला सांगितले.

बॅटऱ्या आल्या. त्या ठेवायला पलंग काढावा लागला. पलंग ही सोय असते आणि वीज ही गरज, त्यामुळे यात वाद नव्हता. "मग मी निजू कुठे?" असे हिने विचारल्यावर बॅटऱ्यांवर गादी अंथरण्याचा पर्याय मी सुचवला. त्यावर पॅनेलवाला कळवळून म्हणाला, "नको सर, त्या तापतात." मी साहेबाचा सर झालो होतो. बॅटऱ्या तापतात म्हणून त्यांना पंखा बसवला. पंख्याची वीज धरल्यावर आणखी एक बॅटरी वाढली. ती वाढल्यावर एक पंखा पुरेना. एवढा ऐवज कुणी पळवू नये म्हणून भोंगा लावला, तो रात्रंदिवस जागा राहायला वीज पितो. बॅटरी किती भरली आहे ते दाखवणारी एक चौकट दाराशी लावली, हिरव्या आकड्यांची. ती पाहायला मला फार आवडे. तिलाही वीज लागते, पण ती लागणारच.

सगळी पॅनेल छपरावर मावणे शक्यच नव्हते; मावली तेवढी बसवली. पण बाकीच्यांचे ठरण्याआधीच एक वेगळा पेच उभा राहिला, आणि मी प्रामाणिकपणे सांगतो, मोठमोठ्या अभियंत्यांनी हात टेकले असते. व्हॅन उन्हात उभी केली की पॅनेल उत्तम चालत, पण आत भट्टी पेटल्यासारखे होई आणि दोन्ही फ्रिज धापा टाकत मिळाली तेवढी वीज खाऊन टाकत. व्हॅन सावलीत उभी केली की फ्रिज शहाण्यासारखे वागत, पण पॅनेल ढिम्म. उन्हात न्यावी तर वीज पुरेना, सावलीत न्यावी तर मिळेना. मी आठवडाभर व्हॅन पुढे-मागे करत होतो. समोरच्या इमारतीतले लोक खिडकीत खुर्च्या घेऊन बसू लागले.

उत्तर सुचले तेव्हा मी आनंदाने घरी ओरडतच आलो. "अगं, गाडी सावलीत आणि पॅनेल उन्हात!"

"म्हणजे?"

"पॅनेल आपल्या इमारतीच्या गच्चीवर. गाडी खाली पार्किंगमध्ये. मध्ये तार!"

हिने बॅगेवरची धूळ झटकली. पॅनेलवाला मात्र भारावला होता. तारेची लांबी वाढली की काही वीज वाटेतच जिरते, ती धरून त्याने आणखी पॅनेल घातली. गच्ची भरली. कपडे वाळत घालायला येणाऱ्या शेजारणींनी नाके मुरडली, पण सहा मजल्यांवरून जाडजूड तार खाली आली, पार्किंगच्या खांबाला वळसा घालून व्हॅनच्या खिडकीतून आत शिरली आणि हिरव्या चौकटीत पूर्ण शंभर उमटले.

त्या रविवारी मी जाहीर चाचणी घेतली. अर्धी इमारत खाली जमली होती. दोन्ही फ्रिज, दोन्ही मिक्सर, वॉशिंग मशीन, स्पीकर, सगळे एकाच वेळी लावले. सूनबाईने व्हॅनच्या दारात उभे राहून केस वाळवले. शंभराचे नव्याण्णवसुद्धा झाले नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा ऊर भरून आला होता.

गर्दी पांगल्यावर ही बॅग घेऊन खाली आली. "झालं ना मनासारखं?" ती म्हणाली. "चला आता. निघू."

"निघायचं?" मी तारेकडे पाहिले. "अगं, तार सुटेल ना."

"अहो, गाडी आहे ती!"

"गाडी आहे, हे कुणी नाकारतंय का? फक्त हलवायची नाही. जागेवर आपली व्यवस्था पूर्ण निर्दोष आहे. हलवली की मग काहीच हमी देता येत नाही."

हिने बॅग तिथेच, व्हॅनच्या चाकाला टेकून, खाली ठेवली. "ताईला आता समोर माणूस उभा आहे एवढंच कळतं," ती म्हणाली. "कोण आहे ते आवाजावरून ओळखते." तिचा आवाज ओला झाला होता. मला वाईट वाटले. खरेच वाटले. तारेला सोबत नेता येईल अशी काही रचना काढतो, असे मी तिला वचन दिले. त्यासाठी गच्चीही बरोबर न्यावी लागली असती, पण मी प्रयत्न सोडला नव्हता.

तेवढ्यात इमारतीच्या सेक्रेटरीने नको तो उपद्व्याप केला. पार्किंगमधल्या वाहनाला गच्चीवरून तार जोडलेली आहे, असे त्याने महापालिकेच्या कार्यालयाला कळवले. तिथून एक निरीक्षक आले. सडपातळ, शांत गृहस्थ. हातात मोजपट्टी. मला पाहताक्षणीच ते जवळचे वाटले.

"हे काय आहे?" त्यांनी विचारले.

"कॅम्पर."

"चालतो का?"

"चालू शकतो."

"मी विचारलं, चालतो का?"

"सध्या नाही."

"आत फ्रिज आहेत, पंखे आहेत, बेसिन आहे, इमारतीवरून वीज येते," ते म्हणाले. "हालचाल नाही. म्हणजे ही खोली झाली. विनापरवाना."

"पण साहेब, हिला चाकं आहेत."

"तोच तर घोळ आहे." ते उकिडवे बसले आणि एका चाकाला मोजपट्टी लावून पाहिली. "वाहन असेल तर त्याला इमारतीची तार चालणार नाही. खोली असेल तर तिला चाकं चालणार नाहीत. दोन्ही एका जागी ठेवायला कुठल्याच नियमात जागा नाही. तार काढा किंवा चाकं काढा."

ही माझ्या शेजारीच उभी होती. तिचा चेहरा एकदम उजळला. "तार काढा," ती म्हणाली. "आत्ता काढा. मी बॅग आणते."

मी विचार केला. घाईने केला नाही, सर्व बाजूंनी केला. तारेची चाचणी झालेली होती. तार शंभर टक्के यशस्वी ठरली होती, चारचौघांसमोर. चाकांची चाचणी अशी कधी झालीच नव्हती. जी गोष्ट सिद्ध झाली आहे ती काढून जी सिद्ध झालेली नाही ती ठेवणे, हे मला माझ्या शिक्षणाला धरून वाटले नाही. निरीक्षकांनाही ते पटले. ते म्हणाले की असा विचार करणारी माणसे आता खात्यात राहिली नाहीत.

चाके काढायला गॅरेजवाला आला. व्हॅन विटांवर टेकली तेव्हा ही जिन्यात उभी होती. वर गेली, स्वयंपाकघरातला चहाचा थर्मास घेतला, त्यात बर्फ भरला, त्यावर कपड्यात गुंडाळून इन्सुलिन ठेवले आणि झाकण लावले. सगळे मिळून पाच मिनिटांचे काम. मग पायांत चपला घातल्या.

"कुठे निघालीस?"

"बसस्टँडला."

"आणि बर्फ वितळला म्हणजे?"

"चहाच्या टपरीवर मागेन. कुणीही देतं."

"आणि कुणी नाहीच दिला तर?"

"तर नाही दिला," ही म्हणाली. या उत्तराला अंदाजशास्त्रात कुठेही स्थान नाही. मी ते तिला सांगणार होतो, पण ती कोपऱ्यावरून वळलीसुद्धा होती. मुलगा तिची बॅग घेऊन मागे धावला. सूनबाई माझ्याकडे न बघता मिक्सर वर घेऊन गेली.

तीन दिवसांनी हिचा फोन आला. पाठ धरली होती, बर्फ सगळीकडे मिळाला होता. "पोचले," ती म्हणाली. "खिडकीशी, उजेडात बसलं की ताईला डाव्या डोळ्याच्या कडेनं थोडं दिसतं. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, अगदी नाकाला नाक लावून बघितलं आणि म्हणाली, किती म्हातारी झालीस गं." एवढे बोलून ती हसली. मग म्हणाली, "दोन महिन्यांपूर्वी आले असते तर पूर्ण दिसले असते, असं डॉक्टर म्हणाले. जाऊ दे. तुम्ही कधी येताय? ताई विचारतेय."

मी बाहेर पाहिले. "इथे ढग आहेत," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. महिना होत आला. मला तिची फार आठवण येते, हे इथे नमूद करतो.

एरवी वेळ बरा जातो. कारण आता लोक येऊ लागले आहेत. आधी दुसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक आले. त्यांचे वडील दूरच्या वृद्धाश्रमात असतात. "जायचंय हो," ते म्हणाले, "पण..." मी त्यांना व्हॅनमध्ये बसवले, रस्त्याची, रजेची, हवामानाची, गाडीच्या टायरांची चौकशी केली आणि अर्ध्या तासात त्यांची तयारी नेमकी कशात कमी आहे ते काढून दिले. त्यांच्या चेहऱ्यावरचे ओझे उतरलेले मला दिसले. गच्चीवर नाके मुरडणाऱ्या शेजारीणबाई आल्या. त्यांना भावाशी अबोला सोडायचा होता, पण योग्य वेळ ठरत नव्हती. मी ती आणखी पुढे काढून दिली. एकाला छातीत दुखते म्हणून डॉक्टरांना दाखवायचे होते. एकीला पुन्हा गाणे सुरू करायचे होते. सेक्रेटरीही आला, त्याचे काय आहे ते मी सांगणार नाही, तो रडला. निरीक्षक तर दर गुरुवारी येतात. जाऊ नका असे मी कुणालाच म्हणत नाही. मी फक्त अंदाज काढून देतो.

आता सकाळपासून फाटकापर्यंत रांग असते. लोक हळू आवाजात बोलतात, एकमेकांना पुढे जाऊ देतात. पुढे जायची कुणालाच घाई नसते. आणि तुम्ही हे वाचताना मला हसलात, त्याचे मला काही वाटत नाही. पण काल संध्याकाळी खांबाच्या आडोशाला, तोंड फिरवून कोण उभे होते, ते मी पाहिले आहे. लाजू नका, आत या. बसा असे, पंख्याखाली. हं, सांगा आता. कुणाकडे जायचं राहिलंय तुमचं?